घरी सायकल दुरुस्तीला कोणते पाने घ्यावेत? ४४ नगांची पेटी घेऊ का? (लातूर)

औसा_रोडवाला
नमस्कार मंडळी. वय ४३, वजन विचारू नका. डॉक्टर म्हणले रोज चाला, चालायचा मला कंटाळा, म्हणून दिवाळीत भाच्याची जुनी गिअरची सायकल घेतली. तो पुण्याला असतो, त्यानं दोन वर्षं गॅलरीत कपडे वाळत घालायला वापरली होती. २१ गिअर, ७०० × ३५ चे टायर, दोन्हीकडं डिस्क ब्रेक, वायरवाले. सकाळी औश्यापर्यंत जाऊन येतो, चाळीसेक किलोमीटर होतात, आठवड्यातून तीन दिवस. खरं सांगायचं तर दोन.

आता अडचण अशी की आमच्या गल्लीतला दुकानदार काळ्या सायकलीचा उस्ताद आहे पण गिअर बघितला की हात वर करतो, आणि दुसऱ्या एका दुकानात गिअर सेट करायला दिली तर तीन दिवस ठेवून घेतली आणि आणली तेव्हा सगळ्यात मोठ्या चकतीवर चेन चढतच नव्हती, वर दोनशे रुपये. म्हणून ठरवलंय की आपलं आपणच करायचं. ऑनलाइन एक ४४ नगांची पेटी बघून ठेवली, ३२०० ला आहे, फोटोत लै भारी दिसायली, काळी पेटी, आत फोममध्ये एकेक पाना बसवलेला. बायको म्हणायली आधी न्हाणीतला नळ गळायलाय तो बघा. बजेट तीन हजार, थोडं वर-खाली चालेल. पेटी घेऊ का सुटे घेऊ? कंपनी कोणती? घरात सध्या एक पक्कड, एक पेचकस आणि भाच्यानं दिलेला छोटा हातपंप एवढंच आहे.

पंक्चरवाल्याचा_पोरगा
पेटी घेऊ नका. मी परभणीचा, वडलांचं सायकलचं दुकान होतं स्टँडच्या बाजूला, तीस वर्षं चाललं, आणि तीस वर्षांची सगळी हत्यारं एका डालड्याच्या डब्यात मावत होती. पेटीत ४४ नग असतात त्यातले दहा-बारा तुमच्या सायकलीला लागतील, पंधरा कुठल्याच सायकलीला लागणार नाहीत, आणि जे खरं लागणार आहे ते नेमकं त्यात नसतंय. वर पेटीतल्या एलन-कीचं, म्हणजे त्या षटकोनी टोकाच्या वाकड्या चावीचं, लोखंड मऊ असलं की दुसऱ्यांदा जोर लावला की कोपरे गोल होतात, मग की पण गेली आणि बोल्टचं भोक पण गेलं.

असं करा, सायकल उलटी करा, जुनं पोतं टाका खाली, वही-पेन घ्या आणि पुढच्या चाकापासून मागं एकेक बोल्ट बघत जावा. कुठला एलनचा, कुठला नटाचा, कुठला चौफुली पेचकसाचा, लिहून काढा. मी न बघता सांगतो, तुमच्यासारख्या सायकलीला निम्म्याहून जास्त ठिकाणी ५ मिमी निघंल, बाकी ४ आणि ६, कुठंतरी बारीक २.५ नाहीतर ३. डिस्कची चकती चाकाच्या मधल्या हबला बसवलेले सहा बोल्ट बघा, त्यांचं भोक चांदणीसारखं असंल तर ते टी-२५, त्यात एलन घुसवू नका. पायडलला १५ चा पाना. झालं, एवढ्यात वर्षभरात शंभरातली ऐंशी कामं होतात.

आणि एक विचारायचं राहिलं, नेमकं आत्ता काय बिघडलंय ते तुम्ही लिहिलंच नाही. नुस्तं गिअर का अजून काही?

नांदेड_ते_कुठंही
मी सात वर्षं सायकल चालवतोय, नांदेडहून सोलापूरपर्यंत गेलोय आणि आलोय, माझ्याकडं फक्त एक खिशातला मल्टीटूल, दोन टायर लिव्हर, पंप, दोन ट्यूब. बस. बाकीचं काम दुकानात. आपण आपला वेळ आणि डोकं कशाला खराब करायचं? पेटी घ्याल, दोन रविवार उत्साह राहील, मग ती माळ्यावर जाईल, माझ्या मेव्हण्याची गेली. त्यापेक्षा त्याच पैशात ट्यूबमध्ये सीलंट भरून घ्या. आपल्याकडचे सराटे आणि वेड्या बाभळीचे काटे हे सायकलवाल्याचे खरे दुष्मन आहेत, गिअर नंतर.

पंक्चरवाल्याचा_पोरगा
नांदेडकर भाऊ, तुमच्या गावात गिअरचं काम येणारा माणूस आहे म्हणून तुम्ही म्हणायलेत. ज्याच्या गावात नाही त्यानं काय करावं.

औसा_रोडवाला
दोघांचेही आभार. हो, एक गोष्ट राहिली, मला वाटलं ती बारीक आहे. मागच्या चाकाचा एक स्पोक तुटलाय, चेनच्या बाजूचा. मी तो बाजूच्या स्पोकला चिकटपट्टीनं बांधून ठेवलाय आणि तसाच चालवतोय, चाक थोडं लचकायलंय. गल्लीतला उस्ताद म्हणला स्पोक माझ्याकडं आहे पण हे गिअरचं खटलं मला काढता येत नाही आणि ते काढल्याशिवाय स्पोक जात नाही. दुसरा म्हणला पूर्ण चाकच बदला. आणि चढाला बसून जोर लावला की खालून कट-कट असा आवाज येतो, पायडलच्या मधल्या भागातून. ते बहुतेक बॉटम ब्रॅकेट, म्हणजे तिथलं बेअरिंग, गेलंय असं व्हिडिओत सांगितलं, त्याचंपण टूल पेटीत आहे म्हणून पेटीवर मन गेलंय.

पंक्चरवाल्याचा_पोरगा
ही बारीक गोष्ट नाही, हीच तर गोष्ट आहे. तुटक्या स्पोकवर चालवू नका, एक तुटला की त्याचा भार शेजारच्यांवर येतो आणि मग लायनीत दुसरा, तिसरा.

गल्लीतला उस्ताद बरोबर बोलला. चेनच्या बाजूचा स्पोक हबच्या भोकातून ओवायला दात्यांचा गठ्ठा काढावाच लागतो. आता तो गठ्ठा दोन प्रकारचा असतोय, कॅसेट नाहीतर फ्रीव्हील, आणि दोघांचं काढायचं टूल वेगळं. दिसायला सारखंच दिसतंय, दोघांनाही बारीक बारीक बारा दाते, पण मापात थोडा फरक, एकाचं दुसऱ्यात बसत नाही. तुम्ही बघितलेल्या पेटीचा फोटो मी पण बघितला, त्यात कॅसेटचं टूल आणि चेन व्हिप, म्हणजे चकत्या धरून ठेवायचा चेनवाला दांडा, आहे, फ्रीव्हीलचं नाही. आणि २१ गिअरच्या, म्हणजे मागं सात चकत्यावाल्या, आपल्याकडं मिळणाऱ्या बऱ्याच सायकलींना फ्रीव्हीलच असतंय. मग ३२०० ची पेटी घरी आली असती आणि ज्या कामासाठी घेतली तेच झालं नसतं.

ओळखायचं कसं ते सांगतो, एक रुपया लागत नाही. मागचं चाक काढा. चकत्यांच्या मधोमध बघा, जिथं टूल घुसतंय ते खाचेचं कडं दिसंल. आता चाक मांडीवर धरून चकत्या मागं फिरवा, कट-कट-कट वाजतील. चकत्यांबरोबर ते खाचेचं कडं पण फिरलं तर कॅसेट. चकत्या फिरल्या आणि कडं जागेवरच राहिलं तर फ्रीव्हील. टॉर्च लावून बघा, घाई करू नका. एकदा दुकानात माझ्याकडून उलटं सांगितलं गेलं होतं आणि गिऱ्हाईक पुण्याहून चुकीचं टूल घेऊन आलं, वडील आठ दिवस बोलत होते.

वाळूज_फिटर
मी एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, सायकल संभाजीनगर ते दौलताबाद घाट एवढीच, पण पाने हा माझा रोजचा धंदा आहे म्हणून लिहितो. वरचं सगळं बरोबर. माझ्याकडून भर.

एलन-की वर पैसे वाचवू नका. आपल्या हार्डवेअरच्या दुकानात टपारियाचा सेट मिळतो, नाशिकला बनतो, लांब दांड्याचा गोल टोकवाला घ्या, गोल टोकानं तिरकं पण फिरवता येतं पण शेवटचं आवळणं कायम चपट्या टोकानं. सायकलचं नाव लिहिलं म्हणून दुप्पट पैसे मोजायची गरज नाही, ५ मिमी म्हणजे ५ मिमी. पेचकस, पक्कड, हातोडी, तेही हार्डवेअरमधूनच. सायकलच्या कंपनीचं, म्हणजे आइसटूल्झ, सुपर बी, पार्क टूल असलं घ्यायचं ते फक्त ज्याला दुसरा पर्याय नाही असं, फ्रीव्हील रिमूव्हर, स्पोक की, चेन कटर. पार्क टूल अमेरिकेतली जुनी कंपनी, निळा दांडा, चांगलीच असतात पण आपल्याला तेवढं महाग काही लागत नाही, बाकी दोन तैवानच्या.

आता आवळण्याबद्दल. नवीन माणूस सगळ्यात जास्त नुकसान ढिलं ठेवून नाही, जास्त आवळून करतो. हँडल धरणाऱ्या पुढच्या चार बोल्टवर बहुतेक ५ एनएम असं छापलेलं असतं. त्याचा अर्थ साधा आहे, १० सेंटीमीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला ५ किलोचा जोर. म्हणजे एलन-की आखूड बाजूनं धरून दोन बोटं आणि अंगठा. तुमचा अख्खा हात आला की तुम्ही १५ वर गेलात, अ‍ॅल्युमिनियमचे आटे तिथंच सोडून देतात. कार्बनचं काही असेल तर टॉर्क पाना घ्याच, तुमच्या सायकलीला नाही, पैसे वाचवा. उलट पायडल आणि क्रँकचा, म्हणजे पायडल बसतं त्या दांड्याचा, बोल्ट यांना खरंच जोर लागतो, पस्तीस-चाळीस एनएम, तिथं दोन बोटं चालत नाहीत.

सगळ्या आट्यांना कणभर ग्रीस, विसरू नका. डिस्कचे बोल्ट सोडून, तिथं ग्रीसचं बोट पण नको.

नांदेड_ते_कुठंही
डिस्कवरून आठवलं, माझा पराक्रम सांगतो. चेन वाळली म्हणून स्प्रेचा डबा घेतला आणि मागचं सगळं भिजवलं, डिस्कवर पण उडालं. पुढच्या उताराला ब्रेक दाबला तर ब्रेक नाही, नुस्ती किंकाळी, म्हशी बिथरल्या. पॅड फेकून द्यावे लागले. आणि स्प्रेचा तो निळा-पिवळा डबा पाणी हटवायला, गंजलेले नट सोडायला आहे, चेनला वंगण म्हणून टिकत नाही हे मला दुकानदारानं नंतर सांगितलं.

औसा_रोडवाला
वाळूज सर, डिस्क पुसायला सॅनिटायझर चालेल का? कोविडच्या वेळचे चार बाटल्या पडून आहेत घरात.

वाळूज_फिटर
नको. त्यात ग्लिसरीन घातलेलं असतं, हात मऊ राहावेत म्हणून, ते डिस्कवर तेलासारखंच बसेल. मेडिकलमधून किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून साधं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा आणि स्वच्छ कपडा, ज्याला आधी चेन पुसलेली नाही असा.

अंबाजोगाईची_बाई
मी शिक्षिका आहे, माझा अनुभव जरा वेगळ्या सायकलींचा आहे पण कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितेय. आमच्याकडं आजूबाजूच्या तांड्या-वस्तीवरून मुली सायकलीनं शाळेत येतात, मानव विकासच्या सायकली, बिनगिअरच्या. पावसाळ्यात काळी माती मडगार्ड आणि टायरमध्ये अशी गच्च बसते की चाक फिरत नाही, मुली सायकल उचलून आणतात. मग तीन वर्षांपूर्वी मी शाळेत एक डबा ठेवला. त्यात काय आहे ते सांगते : दोन्ही टोकांना गोळे आणि त्यात वेगवेगळ्या मापाची भोकं असलेला तो जुना पाना, एक १३-१५ चा पाना, पेचकस, पक्कड, तीन टायर लिव्हर, काचकागद, सोल्युशन, पॅच, ब्रेकचे रबर, थोडे छर्रे, ग्रीस, माती खरवडायला एक लाकडी उलथनं, आणि सगळ्यात जास्त संपणारी वस्तू म्हणजे वॉल ट्यूब, हात-हात लांबीचे तुकडे.

साध्या सायकलीच्या वॉलवर ती जी बारीक रबरी नळी असते ती उन्हाळ्यात कुजते, मऊ पडते, हवा जाते, आणि सगळे पंक्चर म्हणून दुकानात पळतात. आमच्या निम्म्या मुलींचा पंक्चर हा पंक्चर नव्हताच. आधी हवा भरायची, वॉलच्या तोंडावर थुंकी लावायची, बुडबुडा आला तर वॉल ट्यूब बदल, दोन मिनिटांचं काम. आता आठवीच्या मुली मला विचारत पण नाहीत, डबा घेतात, करतात, बोटं स्कर्टला पुसतात आणि वर्गात येतात.

माझी फजितीपण सांगते. एका मुलीची दोन्ही पायडलं बदलायची होती, मी आणली आणि डावं-उजवं न बघता लावायला बसले. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे मला माहीतच नव्हतं. जाईना म्हणून पान्यावर उभी राहिले. गेलं की हो आत, पण आटे खाऊन. क्रँकच बदलावी लागली, पैसे मी दिले, मुलगी दोन दिवस चालत आली. पायडलच्या दांडीवर एल आणि आर कोरलेलं असतं, आता आधी ते बघतो. घालताना दोन्ही पायडलं आधी नुसत्या बोटांनी चार फेरे गेलीच पाहिजेत, गेली नाहीत तर काहीतरी चुकलंय.

पंक्चरवाल्याचा_पोरगा
बाई, नमस्कार तुम्हाला. सोडताना लक्षात ठेवायची वडलांची युक्ती : पाना वर उभा धरायचा आणि मागच्या चाकाकडं ओढायचा, डावं असो का उजवं, दोन्ही सुटतात. पुढं ढकललं की दोन्ही आवळतात. त्यांना डावे-उजवे आटे असलं काही सांगता येत नव्हतं, शाळा नाही, पण हात चुकला नाही कधी. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना २०२० ला बंद पडला तेव्हा, ३ जूनला, त्याच दिवशी जागतिक सायकल दिन होता, मी त्यांना बातमी वाचून दाखवली तर म्हणले, गाडी राहील रे, छर्रे मिळतात तवर गाडी राहती.

असो. औसा रोडवाले, झालं का फ्रीव्हील बघून?

औसा_रोडवाला
बघितलं. काल रात्री पोरानं टॉर्च धरला. चकत्या मागं फिरल्या आणि मधलं कडं जागेवर थांबलं. म्हणजे फ्रीव्हील ना? आणि वहीत बोल्टपण लिहिले, ५ मिमी चौदा ठिकाणी, ४ मिमी सहा, ६ एक, टी-२५ बारा, २.५ दोन. पोरगं म्हणलं पप्पा ही तर प्रश्नपत्रिका झाली.

पंक्चरवाल्याचा_पोरगा
हो, फ्रीव्हीलच. आता टूल मागवताना "फ्रीव्हील रिमूव्हर, बारा स्प्लाइन" असंच बघून मागवा, कॅसेटचं लॉकरिंग टूल नको. दोन-अडीचशेत मिळून जाईल. आणि स्पोक की, ती नीट बघून घ्या, निपलची, म्हणजे स्पोकच्या रिमकडच्या नटाची, मापं ३.२३, ३.३०, ३.४५ मिमी अशी असतात आणि सैल की नं निपल गोल होतोय, तिन्ही मापांची एकच गोल चकती मिळते ती घ्या आणि जे सगळ्यात घट्ट बसंल ते वापरा. स्पोक आणताना तुटक्याचे दोन्ही तुकडे दुकानात घेऊन जावा, चेनच्या बाजूचे स्पोक दुसऱ्या बाजूपेक्षा थोडे आखूड असतात, अंदाजानं आणू नका.

फ्रीव्हील काढायला मोठा पाना विकत घेऊ नका. तुम्ही जेवढं पायडल मारता तेवढं ते आवळत जातंय, दोन वर्षांत असं बसलेलं असतंय की हातानं सुटायचं नाही. जवळच्या वेल्डिंगच्या दुकानात जावा. टूल चकत्यांत बसवा, क्विक रिलीजची, म्हणजे चाक आवळायची, सळई परत घालून नट हलका आवळा, म्हणजे टूल उडणार नाही, मग टूल त्यांच्या वाईसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या शिकंजात, उभं पकडा, चाक वर आडवं राहील, आणि चाकच स्टेअरिंगसारखं डावीकडं फिरवा. एकदा सुटलं की लगेच सळई काढा, नाहीतर ती वाकंल.

चाकाचा आऊट, म्हणजे लचक, काढायला स्टँड लागत नाही. डिस्क ब्रेक आहे म्हणजे रिमजवळ ब्रेकचं रबर नाही, मग मागच्या चाकाशेजारच्या पाइपाला एक प्लास्टिकची झिप टाय बांधा, तिचं कापलेलं टोक रिमच्या एक मिमी लांब ठेवा. चाक फिरवा, जिथं घासंल तिथं त्या बाजूचा स्पोक थोडा सैल, समोरच्या बाजूचा थोडा घट्ट, एका वेळी पाव फेरा. पावच. अर्धा फेरा मारणारा माणूस रात्री दोनपर्यंत बसतोय.

वाळूज_फिटर
आणि सायकल लटकवायला स्टँडचे तीन हजार देऊ नका. आमच्या शेतातल्या पत्र्याच्या शेडच्या अँगलला मी दोन कासरे बांधलेत, एक सीटखाली, एक हँडलला. बैल विकले, कासरे राहिले होते. मागचं चाक हवेत, गिअर फिरवून बघता येतो. मागं चेन सरकवणाऱ्या यंत्राच्या दोन स्क्रूवर एच आणि एल लिहिलेलं असेल, तुमचा मोठ्या चकतीवर न जाणारा गिअर बहुतेक एलचा स्क्रू जास्त आत पिळून ठेवल्यामुळं आहे. अर्धा फेरा बाहेर, बघा, परत अर्धा. चेन स्पोककडं पडेल इतका मात्र सोडू नका.

आणि चेन झिजली का बघायला टूल नको, पोराची स्टीलची फूटपट्टी घ्या, इंचाची बाजू. शून्य एका पिनच्या मधोमध धरा. चांगल्या चेनला १२ इंचावर बरोबर पुढच्या एका पिनचा मध्य येतो. ती पिन इंचाच्या सोळाव्या भागानं पुढं गेली तर चेन बदला, आठव्या भागानं गेली तर बहुतेक फ्रीव्हीलपण. आपल्याकडं आठ महिने फुफाटा, चेनला तेल कमी आणि पुसणं जास्त. डिझेलनं धुवा, वाळू द्या, प्रत्येक कडीला एक थेंब, दहा मिनिटांनी वरचं सगळं पुसून काढा.

औसा_रोडवाला
आठ दिवसांनी लिहितोय. खर्च आधी : एलन-की सेट, टी-२५, १५ चा पाना, फ्रीव्हील टूल, स्पोक की, टायर लिव्हर, पॅच-सोल्युशन, डिझेल, वंगणाची बाटली, आणि घड्याळ लावलेला उभा पंप, सगळं मिळून २६०० आणि काही. पंपाचेच निम्मे गेले पण तो घेतला ते बरं झालं, इथं रस्त्यावरच्या कॉम्प्रेसरनं ट्रकच्या हिशोबानं हवा मारली होती, टायरवर लिहिलेलं बघून आता भरतो.

रविवारी चाक काखेत मारून रिंगरोडच्या वेल्डिंगवाल्या मामाकडं गेलो. ते ट्रॉलीचा हूक जोडायले होते, म्हणले थांब. मग टूल वाईसमध्ये धरलं आणि मला म्हणले, फिरव. मी फिरवलं, काही नाही. परत. काही नाही. मामा म्हणले, अरे गाडी चालवत नाहीस का, असं भीत भीत वळण घेतोस का? मग दोघांनी दोन बाजूंनी धरून झटका दिला आणि कट्ट असा आवाज आला, मला वाटलं तुटलं. तुटलं नव्हतं, सुटलं होतं. सळई काढली, बाकीचं हातानं फिरून आलं. आत दोन वर्षांची पुण्याची घाण आणि चार महिन्यांची आपली काळी माती, थरावर थर. मामांनी पैसे घेतले नाहीत, चहा पाजला उलटा मलाच.

स्पोक शेजारच्याकडं बघत तसाच वर-खाली ओवला. आऊट काढायला पावणेदोन तास, अर्धा फेरा मारलाच शेवटी, सांगून पण. एलचा स्क्रू एक फेरा बाहेर घेतला, चेन मोठ्या चकतीवर गेली.

फक्त तो कट-कट आवाज अजून आहे. बॉटम ब्रॅकेटचं टूल मागवू का आता? क्रँक काढायचा पुलरपण लागेल ना?

पंक्चरवाल्याचा_पोरगा
थांबा. तुम्ही लिहिलं होतं बसून जोर लावला की येतो. उभं राहून पायडल मारा चढाला, तेव्हा येतो का?

औसा_रोडवाला
आज बघितलं मुद्दाम, औश्याकडनं येताना चढावर. उभं राहिलं की येत नाही.

पंक्चरवाल्याचा_पोरगा
मग बॉटम ब्रॅकेट नाही. सीटचा दांडा काढा, आतली माती पुसा, दांड्याला ग्रीस लावा, परत घाला, पहिली उंची काढायच्या आधी पेनानं खूण करून ठेवा. सीटखालचे बोल्टपण सोडून ग्रीस लावून आवळा. पाइपातून आवाज खाली उतरतोय म्हणून तिथून आल्यासारखा वाटतोय.

औसा_रोडवाला
सीटचाच होता. ५ मिमीची एलन-की, दहा मिनिटं. नळाला कोणता पाना लागतो?

वाळूज_फिटर
नळाला पाना नंतर, आधी वायसर बघा. दहा रुपयांचा असतो.